मुतखड्याच्या ऑपरेशनमधला एक्स-रे : डोस कमी करायचा, पण मोजायचा कुणाचा आणि कसा?



पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "वैद्यकीय भौतिकशास्त्र म्हणजे कॅन्सरची रेडिओथेरपीच ना? त्याशिवाय त्यात काय असतं?" बरंच काही असतं. आज त्यातलाच एक विषय घेऊ. दिसायला तो अगदी छोटा आहे. दुर्बिणीतून मुतखडा काढताना वापरल्या जाणाऱ्या एक्स-रे किरणांचा डोस कमी कसा करायचा, एवढाच प्रश्न. पण संशोधनाची पद्धत शिकायला हा विषय फार चांगला आहे. यात भौतिकशास्त्र आहे, शरीररचना आहे, संख्याशास्त्र आहे आणि माणसांच्या सवयीही आहेत. शिवाय प्रश्न खऱ्या माणसांचा आहे. टेबलावर झोपलेला रुग्ण, त्याच्या शेजारी रोज उभे राहणारे सर्जन, सिस्टर, निवासी डॉक्टर आणि टेक्निशियन, हे सगळे त्यात येतात.

लेख थोडा मोठा आहे. चहा घेऊन बसा.

आधी ऑपरेशन समजून घेऊ

पूर्वी मोठा मुतखडा काढायचा तर कुशीत लांब छेद घ्यावा लागायचा. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी एक वेगळी पद्धत प्रसिद्ध केली. पाठीतून थेट किडनीपर्यंत एक बारीक वाट करायची आणि त्या वाटेने खडा बाहेर काढायचा. हीच पुढे पीसीएनएल म्हणून रुळली. दुसरी पद्धत यूरेटेरोस्कोपी. तिच्यात कुठेही छेद नाही. लघवीच्या मार्गातूनच बारीक दुर्बीण वर सरकवतात आणि लेसरने खडा फोडतात. तिसरी म्हणजे बाहेरून धक्कालहरी देऊन खडा फोडणं. तीत शरीरात काहीच घालत नाहीत, म्हणून आज ती बाजूला ठेवू.

आता सर्जनची अडचण बघा. उघड्या ऑपरेशनमध्ये अवयव डोळ्यांसमोर असतो. इथे किडनी त्वचेखाली काही सेंटिमीटर खोल आहे आणि श्वासाबरोबर वरखाली हलते आहे. सुई किडनीच्या नेमक्या कप्प्यात, म्हणजे कॅलिक्समध्ये, न्यायची आहे. थोडी चुकली तर रक्तवाहिनी फुटेल, आतडं किंवा फुप्फुसाचं आवरण दुखावेल. मग बघायचं कसं? त्यासाठी टेबलाभोवती इंग्रजी सी अक्षरासारखं वाकलेलं यंत्र असतं, सी-आर्म. त्याच्या एका टोकाला एक्स-रे ट्यूब आणि दुसऱ्या टोकाला चित्र टिपणारा डिटेक्टर. पायाने पेडल दाबलं की पडद्यावर हलतं एक्स-रे चित्र दिसतं. यालाच फ्लुओरोस्कोपी म्हणतात.

म्हणजे इथे एक्स-रे ही चैन नाही, ते सर्जनचे डोळे आहेत. पुढचं सगळं वाचताना हा मुद्दा विसरू नका. "एक्स-रे वाईट, म्हणून बंद करा" एवढं सोपं हे नाही.

डोस नेमका कुणाचा?

या विषयावरचा कोणताही पेपर हातात घेतला की पहिला प्रश्न हा विचारा. कारण खोलीत दोन वेगळे डोस असतात.

पहिला रुग्णाचा. मुख्य किरणशलाका त्याच्या अंगातून आरपार जाते. त्याच्यासाठी हा एका ऑपरेशनचा प्रश्न आहे. पण मुतखडा होणाऱ्यांना तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, आणि त्यातले अनेक जण तरुण किंवा मध्यमवयीन असतात. त्यामुळे तपासण्या आणि ऑपरेशनं मिळून बेरीज वाढत जाते.

दुसरा डोस कर्मचाऱ्यांचा. त्यांच्यावर मुख्य शलाका सहसा पडत नाही. त्यांना मिळतात ते रुग्णाच्या शरीरावर आपटून विखुरलेले किरण, म्हणजे स्कॅटर. हे नीट लक्षात घ्या, कारण नवख्यांना वाटतं की किरण ट्यूबमधून गळतात आणि आपल्याला लागतात. खरं तर कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने किरणांचा उगम म्हणजे टेबलावरचा रुग्णच. प्रत्येक वेळचा डोस थोडाच असतो, पण तो वर्षानुवर्षं साठत जातो.

एककांचा घोळही इथेच मिटवू. पदार्थाने प्रत्यक्ष शोषलेली ऊर्जा ग्रेमध्ये मोजतात. शरीरावरच्या परिणामाचा हिशेब लावून येणारा आकडा सिव्हर्टमध्ये असतो. सी-आर्मच्या पडद्यावर तिसरंच काहीतरी दिसतं. डोस गुणिले शलाकेचं क्षेत्रफळ, म्हणजे ग्रे-चौरस सेंटिमीटर. या तीन गोष्टी एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत.

आणि धोका किती? आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग, म्हणजे आयसीआरपी, हिशेबासाठी असं मानतो की डोसच्या प्रमाणात कॅन्सरचा धोका वाढतो, दर सिव्हर्टमागे साधारण ५ टक्के. या हिशेबाने १० मिलिसिव्हर्टला सुमारे २००० मध्ये १ इतका जादा धोका येतो. हा आकडा लोकसमूहासाठी आहे. "तुम्हाला अमुक टक्के धोका" असं एका रुग्णाला सांगण्यासाठी तो बनवलेलाच नाही. तुलनेला हेही लक्षात ठेवा की निसर्गातूनच आपल्याला जागतिक सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास डोस मिळतो.

एक छोटं गणित : डोळ्याचा डोस

डोळ्यातलं भिंग किरणांना फार हळवं असतं, मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणून २०११ साली आयसीआरपीने कर्मचाऱ्यांच्या डोळ्यासाठीची शिफारस केलेली मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून एकदम २० वर आणली (पाच वर्षांची सरासरी).

आता वही काढा. पुढचे आकडे गणितासाठी मुद्दाम सोपे घेतले आहेत, कोणत्याही रुग्णालयात मोजलेले नाहीत.

समजा रुग्णाच्या त्वचेवर मिनिटाला १० मिलिग्रे डोस पडतो. भौतिकशास्त्रात एक ढोबळ नियम वापरतात. रुग्णापासून १ मीटरवर स्कॅटर साधारण हजाराव्या भागाइतकं असतं. म्हणजे १ मीटरवर मिनिटाला ०.०१ मिलिग्रे. सर्जनचं डोकं समजा ५० सेंटिमीटरवर आहे. अंतर निम्मं झालं की व्यस्त वर्गाच्या नियमाने डोस चौपट, म्हणजे ०.०४. एका ऑपरेशनमध्ये पेडल एकूण ५ मिनिटं दाबलं, तर ०.२ मिलिग्रे. वर्षाला अशी १०० ऑपरेशनं, तर २० मिलिग्रे. एक्स-रेसाठी डोळ्याच्या बाबतीत १ मिलिग्रे म्हणजे जवळपास १ मिलिसिव्हर्ट.

म्हणजे अगदी साध्या आकड्यांनी आपण थेट मर्यादेवर येऊन पोहोचलो! प्रश्न काल्पनिक नाही, एवढं यातून कळतं.

आता हेच गणित उलटं फिरवा. पेडलचा वेळ निम्मा केला तर २० चे १० होतात. डोकं ५० ऐवजी ७० सेंटिमीटरवर ठेवता आलं तर पाच सप्तमांशाचा वर्ग, म्हणजे पुन्हा जवळपास निम्मे, १० चे ५. वर शिशाच्या काचेचा चष्मा घातला तर आणखी कमी. एकही नवं यंत्र न घेता डोस चौथ्या हिश्शावर आला.

(रुग्ण हा काही बिंदू नाही, त्यामुळे अगदी जवळ व्यस्त वर्गाचा नियम काटेकोर लागू पडत नाही. अंदाजासाठी मात्र पुरतो.)

डोस कमी करण्याचे मार्ग

पाठ्यपुस्तकात तीन शब्द सापडतील : वेळ, अंतर आणि आडोसा. त्यात मी चौथा जोडते, यंत्राची मांडणी. एकेक बघू.

*वेळ.* सतत पेडल दाबून ठेवायची गरज क्वचितच असते. पेडल सोडल्यावर शेवटचं चित्र पडद्यावर टिकून राहतं. ते बघून विचार करायचा आणि मग पुढची हालचाल. यूरेटेरोस्कोपीत तर बऱ्याच गोष्टी दुर्बिणीतून दिसतात, हाताला जाणवतात. गाइडवायर किती आत गेली हे बाहेर उरलेल्या लांबीवरूनही कळतं. प्रत्येक पायरीला एक्स-रेचा शिक्का लागत नाही.

*अंतर.* सर्जनचे हात लांब जाऊ शकत नाहीत, हे मान्य. पण भूलतज्ज्ञ, फिरती सिस्टर, बघायला आलेले विद्यार्थी? १ मीटरवरून २ मीटरवर गेले की डोस चौथा हिस्सा. "जरा मागे सरका" या तीन शब्दांना खर्च शून्य.

*आडोसा.* लेड ॲप्रन सगळ्यांना माहीत असतो. अर्धा मिलिमीटर शिशाइतकी जाडी असेल तर या ऊर्जेचं ९० टक्क्यांहून जास्त स्कॅटर अडतं. पण ॲप्रन फक्त पुढून असेल आणि तुम्ही पाठ फिरवून टेबलावरून काही घेत असाल, तर तो उपयोगाचा नाही. घडी घालून ठेवलेल्या ॲप्रनला आतून भेगा पडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तो टांगून ठेवायचा आणि ठरावीक काळाने एक्स-रेखाली तपासायचा. गळ्याला थायरॉइड कॉलर, डोळ्यांना चष्मा. टेबलाच्या कडेला शिशाचा पडदा लावला तर पायांचंही रक्षण होतं.

*यंत्राची मांडणी.* भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इथे जरा थांबा, खरी गंमत इथे आहे.

ट्यूब टेबलाखाली ठेवायची आणि डिटेक्टर वर. का? किरण शरीरात जिथून शिरतात तिथे ते सगळ्यात तीव्र असतात, पलीकडे जाईपर्यंत बहुतांश शोषले जातात. म्हणून स्कॅटरही शिरण्याच्या बाजूला सर्वांत जास्त. ट्यूब खाली असेल तर ते जमिनीकडे, पायांकडे जातं. ट्यूब वर असेल तर थेट चेहऱ्यावर.

डिटेक्टर रुग्णाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा आणि ट्यूब जितकी लांब ठेवता येईल तितकी ठेवायची. शलाका आवळून, म्हणजे कोलिमेट करून, फक्त हवा तेवढाच भाग बघायचा. डोस घेणारं क्षेत्र कमी, स्कॅटर कमी, आणि चित्रही जास्त स्पष्ट. मोठं करून बघण्याचं बटण मात्र जपून वापरायचं, त्याने सहसा डोसचा दर वाढतो.

पल्स फ्लुओरोस्कोपीत किरण सलग न सोडता सेकंदाला ठरावीक झटक्यांत सोडतात. सेकंदाला ३० ऐवजी ४ झटके दिले की हालचाल थोडी तुटक दिसते, पण सुई बघायला चालून जातं. मग डोस ३० भागिले ४, म्हणजे साडेसातपट कमी होईल का? नाही. चित्र फार दाणेदार दिसू नये म्हणून बरीच यंत्रं प्रत्येक झटक्यातला प्रवाह वाढवतात. कपात मोठी होते, पण त्या प्रमाणात नाही. पेपरमध्ये कुणी नुसता झटक्यांच्या संख्येवरून डोस काढला असेल तर भुवई उंचवा.

यंत्र स्वतःहून डोस वाढवतं

सी-आर्ममध्ये चित्राचा उजेड आपोआप सांभाळणारी सोय असते. डिटेक्टरवर कमी किरण पोहोचले की यंत्र ट्यूबचा जोर वाढवतं. सोय उत्तम आहे, पण तिचे परिणाम कधी कधी उलटे होतात.

पहिलं उदाहरण जाड रुग्णाचं. या ऊर्जेला शरीरात साधारण दर ३-४ सेंटिमीटरला किरण निम्मे होतात. म्हणजे पोटाची जाडी ८ सेंटिमीटरने वाढली तर तेवढंच चित्र मिळवायला चौपट किंवा जास्त किरण आत सोडावे लागतात. म्हणून वजनदार रुग्णाचा डोस आणि त्याच्या शेजारी उभ्या माणसाचा डोस, दोन्ही वाढतात.

दुसरं उदाहरण शिशाच्या हातमोज्यांचं. ते घातले म्हणून सर्जनने हात मुख्य शलाकेत नेला तर यंत्राला वाटतं, अडथळा आला, जोर वाढवा. डोस वाढतो आणि मोज्याचं संरक्षण बऱ्याच अंशी वाया जातं. शिवाय मोज्यामुळे मनात एक खोटी निर्धास्ती येते. हात शलाकेबाहेर ठेवणं हाच खरा उपाय.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. पीसीएनएलमध्ये किडनीचे कप्पे दिसावेत म्हणून खालून मूत्रवाहिनीतल्या नळीवाटे रंगद्रव्य भरतात. ते दाट असल्याने किरण अडवतं, आणि यंत्र पुन्हा जोर वाढवतं. काही संशोधकांनी रंगद्रव्याऐवजी हवा भरून पाहिली. हवा किरण अडवत नाही, त्यामुळे यंत्र शांत राहतं आणि रुग्णाचा डोस लक्षणीय कमी होतो, असं अभ्यासांत दिसलं. शिवाय रुग्ण पालथा झोपलेला असेल तर हवेचा बुडबुडा वर, म्हणजे पाठीकडच्या कप्प्यांत, जाऊन बसतो. सुई नेमकी तिथेच न्यायची असते! अर्थात हवेचीही जोखीम आहे. ती रक्तात शिरली तर क्वचित गंभीर गुंतागुंत होऊ शकते. म्हणून थोडीच हवा वापरतात, किंवा काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइड. एक धोका कमी करताना दुसरा वाढत तर नाही ना, हे बघणं संशोधकाचं काम आहे.

मग एक्स-रे पूर्ण बंदच का करू नये?

सोनोग्राफी आहे की! तिच्यात किरणोत्सर्ग नाही. आतडं, फुप्फुसाचं आवरण, रक्तवाहिन्या दिसतात, आणि एक्स-रेत न दिसणारे खडेही दिसतात. चीनमध्ये अनेक केंद्रांवर सोनोग्राफीवरच पीसीएनएल करतात. आपल्याकडे गुजरातमधल्या नडियाद इथल्या मुळजीभाई पटेल यूरॉलॉजिकल हॉस्पिटलमध्येही सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालण्याची पद्धत रुजलेली आहे.

तरीही जगभर फ्लुओरोस्कोपीच जास्त का? २००७ ते २००९ या काळात ९६ केंद्रांतल्या ५,८०३ पीसीएनएल रुग्णांची नोंद एका जागतिक अभ्यासात झाली. त्यात सुईसाठी फ्लुओरोस्कोपी वापरलेले रुग्ण ८० टक्क्यांहून जास्त होते. याचं एक कारण म्हणजे शिकायला लागणारा वेळ. सोनोग्राफीचं चित्र वाचणं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने सुई चालवणं सरावाने जमतं, आणि सराव मिळायला शिकवणारा लागतो. किडनी लघवीने फुगलेली नसेल तर काम अवघड. गाइडवायर आणि वाट रुंद करणारे डायलेटर सोनोग्राफीत तितके ठसठशीत दिसत नाहीत. म्हणून बरेच जण मिश्र मार्ग निवडतात, सुई सोनोग्राफीवर आणि पुढची पायरी थोड्या फ्लुओरोस्कोपीवर.

किरणोत्सर्ग संरक्षणात एक तत्त्व सांगतात, अलारा. डोस वाजवी रीतीने जितका कमी ठेवता येईल तितका ठेवा. यातला 'वाजवी' शब्द फार महत्त्वाचा. पेडल दाबायचं नाही या हट्टापायी मूत्रवाहिनीला भोक पडलं, तर रुग्णाचं त्यात भलं झालं नाही.

आता संशोधकाच्या नजरेने : पेपर कसा वाचायचा?

इथून पुढचा भाग खास तुमच्यासाठी. चार प्रश्न सांगते.

१. मोजलं काय? अनेक अभ्यास फक्त फ्लुओरोस्कोपीचा वेळ मोजतात, कारण तो यंत्रावर आयता मिळतो. पण वेळ म्हणजे डोस नव्हे. सडपातळ रुग्ण, आवळलेली शलाका आणि सेकंदाला ४ झटके अशी ३ मिनिटं वेगळी, आणि वजनदार रुग्ण, पूर्ण उघडी शलाका आणि सलग किरण अशी ३ मिनिटं वेगळी. वेळेबरोबर डोस-क्षेत्र गुणाकार दिला असेल तर पेपर अधिक भक्कम. कर्मचाऱ्यांबद्दल दावा असेल तर त्यांच्या अंगावर डोसमापक लावून मोजलं होतं का, तेही बघा.

२. तुलना कुणाशी? कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथल्या गटाने २०११ साली यूरेटेरोस्कोपीबद्दल एक अभ्यास दिला. लेसरच्या खुणेने सी-आर्म जागेवर लावणं, यंत्रासाठी ठरलेला टेक्निशियन, एक्स-रेऐवजी नजरेने आणि स्पर्शाने अंदाज घेणं, अशा साध्या उपायांनी सरासरी वेळ ८६.१ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आला. ८२ टक्के घट! पण तुलना आधीच्या पद्धतीने झालेल्या ऑपरेशनांशी होती. अशा अभ्यासात मधल्या काळात सर्जनचा हात बसला का, आपल्यावर लक्ष आहे म्हणून तो जास्त जपून वागला का, हे वेगळं काढता येत नाही. त्याच वर्षीचा दुसरा एक अभ्यास तर याच गोष्टीवर आहे. सर्जनना त्यांच्या स्वतःच्या फ्लुओरोस्कोपी वेळेचे आकडे नियमित दाखवले, आणि वेळ सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे ज्या परिणामाला आपण अभ्यासातला दोष समजतो, तोच इथे उपाय ठरला. रुग्णालयाला याचा खर्च काय? एक तक्ता.

३. तिसरंच काही कारण नाही ना? वर सांगितलेल्या जागतिक नोंदीतून सोनोग्राफी आणि फ्लुओरोस्कोपी गटातले प्रत्येकी ४५३ रुग्ण जोडी लावून तपासले गेले. फ्लुओरोस्कोपी गटात रक्तस्राव जास्त दिसला. इथेच थांबलात तर निष्कर्ष काय निघेल? "सोनोग्राफी जास्त सुरक्षित." पण फ्लुओरोस्कोपी गटात वापरलेली नळी, म्हणजे शीथ, सरासरी जाड होती. बाकीचे घटक विचारात घेतल्यावर रक्तस्रावाचा संबंध चित्राच्या प्रकाराशी नव्हे, तर शीथच्या जाडीशी निघाला. संख्याशास्त्राच्या वर्गात 'गोंधळ घालणारा चल' म्हणून जे शिकवतात, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

४. हिशेब पूर्ण आहे का? समजा एका अभ्यासात ऑपरेशनमधला डोस काही मिलिसिव्हर्टने वाचवला. छान. पण खडे पूर्ण निघाले का हे बघायला प्रत्येक रुग्णाचा नेहमीच्या डोसचा सीटी स्कॅन केला, तर वाचवलेलं सगळं तिथे परत गेलं. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुतखड्याचा अचानक त्रास झालेल्या १०८ रुग्णांचा पहिल्या वर्षातला एकूण डोस काढला होता. मध्यक २९.७ मिलिसिव्हर्ट निघाला, आणि साधारण २० टक्के रुग्ण ५० च्या वर होते. यात मोठा वाटा तपासण्यांचा, विशेषतः सीटीचा. म्हणून कमी डोसच्या सीटीचा आग्रह आणि पाठपुराव्याला शक्य तिथे सोनोग्राफी, हाही याच विषयाचा भाग आहे. ऑपरेशन थिएटरचं दार लावून घेतलं की अर्धाच प्रश्न दिसतो.

आपल्याकडे काय करता येईल?

भारतात एक्स-रे यंत्रांचं नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करतं. कर्मचाऱ्यांसाठी संपूर्ण शरीराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. डोस मोजायला टीएलडी बॅज असतो. त्यातली कॅल्शियम सल्फेट आणि डिस्प्रोसियमची चकती भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाली. किरण पडले की तिच्यात ऊर्जा अडकून राहते, नंतर तापवली की प्रकाश देते. त्या प्रकाशावरून डोस कळतो.

पण बॅज अंगावर असला तर ना! मी एका थिएटरमध्ये मोजमापाला जायचे, तिथे बॅज खुंटीवर ओळीने टांगलेले असत आणि माणसं आत काम करत असत. तिमाही अहवालात सगळ्यांचा डोस जवळपास शून्य. वाचणाऱ्याला वाटेल, केवढी सुरक्षित जागा! वर बॅज घातला तरी तो छातीवर, ॲप्रनच्या आत. त्याने डोळ्याचा आणि बोटांचा डोस कळत नाही. सर्वांत जास्त भार निवासी डॉक्टर आणि सिस्टर उचलतात, आणि त्यांनीच "बॅज दे ना भाऊ" म्हणत कुणाकडे तरी मागायचा, हे बरोबर नाही.

यातच तुमच्यासाठी विषय आहेत. महागडं उपकरण न लागणारे काही सांगते.

- तुमच्या जवळच्या रुग्णालयात फ्लुओरोस्कोपीचा वेळ आणि डोस-क्षेत्र गुणाकार या दोन्हींची नोंद होते का? दोन्हींचा परस्परसंबंध किती?
- सर्जनना दरमहा त्यांचे आकडे दाखवल्यावर फरक पडतो का, आणि दाखवणं थांबवल्यावर तो टिकतो का?
- ॲप्रनच्या बाहेर गळ्यापाशी आणि कपाळावर डोसमापक लावले तर आतल्या बॅजपेक्षा किती वेगळा आकडा येतो?
- सर्जन, सिस्टर, भूलतज्ज्ञ आणि टेक्निशियन यांच्या उभं राहण्याच्या जागेनुसार स्कॅटरचा नकाशा कसा दिसतो? याला माणूस लागत नाही, पाण्याने भरलेलं भांडं रुग्णाच्या जागी ठेवलं तरी सुरुवात होते.

रुग्ण किंवा कर्मचारी यांच्यावर काहीही मोजायचं असेल तर आधी नैतिक समितीची परवानगी. ती कागदपत्रं वेळ खातात, म्हणून वेळापत्रकात पहिल्याच दिवशी धरा. आणि डोस कमी झाल्याचा दावा करताना खडे निघण्याचं प्रमाण आणि गुंतागुंत बिघडली नाही, हेही तेवढ्याच काटेकोरपणे दाखवा. "फरक आढळला नाही" आणि "फरक नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. वीस-वीस रुग्णांच्या दोन गटांत फरक न आढळणं सोपं असतं. म्हणून नमुना किती मोठा हवा, याचं गणित अभ्यास सुरू होण्याआधी करा.

जाता जाता एक गृहपाठ

या विषयावरचा कोणताही एक पेपर शोधा आणि त्याचा फक्त पद्धतीचा भाग वाचा, निष्कर्ष नंतर. मग कागदावर चार ओळी लिहा : मोजलं काय, तुलना कुणाशी, तिसरं कारण कोणतं असू शकतं, आणि कोणता डोस हिशेबाबाहेर राहिला. मग निष्कर्ष वाचा आणि तुमच्या चार ओळींशी ताडून बघा. असे दहा पेपर केलेत तर प्रवेशाच्या मुलाखतीत "तुम्ही अलीकडे काय वाचलंत?" या प्रश्नाला घाबरायची गरज पडणार नाही.

पुढच्या लेखात पाण्याच्या भांड्याने स्कॅटरचा नकाशा कसा काढायचा, ते पायरीपायरीने बघू. तोपर्यंत ओळखीतलं कुणी सी-आर्मजवळ काम करत असेल, तर एवढंच विचारा, "बॅज कुठे आहे?"